टपालपेटीवर दोघांची नावं हवीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

युरोपात संसार थाटायला निघालेल्या मराठी जोडप्यांना आपल्याकडे दोनच गोष्टींची धास्ती घातली जाते, थंडीची आणि खाण्यापिण्याची. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले लेखही याच दोन खुंट्यांभोवती फिरतात. थंडीला जाकीट आहे. तूरडाळ, पोहे, हिंग म्युनिकमध्ये मुख्य रेल्वे स्थानकापासून चालत जाऊन आणता येतात. माणूस अडतो तो कागदांत आणि घराच्या भिंतींत. त्यातही एक चूक वर्षानुवर्षं तीच चालू आहे. दोघांपैकी एक जण, बहुतेक वेळा नवरा, आधी येतो आणि घर, बँक, विमा, वीज सगळं एकट्याच्या नावावर करून मोकळा होतो. सहा महिन्यांनी बायको येते तेव्हा त्या घरात तिचं अंथरूण असतं, कागदावर मात्र ती कुठेच नसते. हे पत्र म्युनिकपुरतं आहे. यातले बरेचसे नियम अख्ख्या जर्मनीचे आहेत, काही फक्त बवेरियाचे, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याचे.

सुरुवात पुण्या-नाशकातच करावी लागते. आपल्या नावाला तीन पदं : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात पहिली दोन पदं एकाच रकान्यात जातात. जर्मन नोंदणी कार्यालय पासपोर्टाबरहुकूम लिहितं, त्यामुळे नवऱ्याचं नाव हे बायकोचं दुसरं नाव म्हणून कायमचं नोंदलं जातं. ते एक वेळ चालतं. चालत नाही ते असं, की पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरचं नाव. इथल्या कारकुनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया असतात. व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही कागदांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्यावं आणि एकदा व्हिसा लागला की त्याला हात लावू नये. आडनाव बदलायची सक्ती ना तिकडे आहे ना इकडे. नवरा-बायकोची वेगळी आडनावं जर्मनीत सर्रास असतात.

विवाह नोंदणीच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मारून देतो म्हणणाऱ्या एजंटाला जर्मनीसाठी पैसे देऊ नयेत. भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला खरा, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत अपोस्टिल लागूच होत नाही. इथल्या कार्यालयाला शंका आली तर ते जर्मन वकिलातीमार्फत दाखल्याची पडताळणी करून घेतं आणि त्यात काही महिने जातात. दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती जवळ असाव्यात. अनुवाद शपथबद्ध अनुवादकाचाच लागतो.

इथे आल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. त्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही, नोव्हेंबर २०१५पासून घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. त्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला नारळ द्यावा. या दाखल्यावर राहायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं, म्हणून बायको मागाहून आली की तिच्यासाठी नवा दाखला घ्यावा लागतो. काही घरमालक इथे कुरकुरतात आणि नवी जोडपी घाबरून जातात. घाबरायचं कारण नाही. लग्नाचा जोडीदार कायद्याच्या दृष्टीने परका माणूस नव्हे. त्याला घरात घ्यायला परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. मात्र तेवढ्याने ती भाडेकरू होत नाही. करारात तिचं नाव यायला मालकाच्या संमतीची वेगळी पुरवणी जोडावी लागते. घर घेतानाच 'पत्नी अमुक महिन्यात येणार' म्हणून दोघांची नावं घालता आली तर सगळ्यांत उत्तम.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, बौद्ध, मुसलमान, जैन यांना त्याने काही फरक पडत नाही. पण वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक जोडप्याने तिथे सवयीने धर्म लिहिला की चर्चचा कर लागू होतो. बवेरियात तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, म्हणजे पगाराच्या नव्हे तर कराच्या. भरायची इच्छा असेल तर आनंदाने भरावा, पण माहीत असून भरावा.

आता टपालपेटी. भारतातून येणाऱ्याला हिचं महत्त्व पटायला वेळ लागतो. इथे फ्लॅट क्रमांक पाकिटावर बहुधा नसतोच. पोस्टमन फक्त आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र 'पत्त्यावर सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत जातं, आणि परत जातं ते नेमकं हवं असलेलं : ११ आकडी कर क्रमांक, बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड. बायकोचं आडनाव वेगळं असेल तर पेटीवर आणि बेलच्या पाटीवर दोन्ही आडनावं हवीत, एकाखाली एक. इमारतीच्या व्यवस्थापनाकडून कोरीव पट्टी यायला आठवडे लागतात. तोवर कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. पेन साध्या शाईचं नको, पहिल्या पावसात अक्षर पसरतं.

पेटीत कधी पिवळं पाकीट दिसलं तर ते फाडून फेकू नये. हे सरकारी बजावणीचं पाकीट. पोस्टमन त्यावर हाताने तारीख लिहितो आणि पेटीत टाकलं त्या क्षणी ते तुम्हाला मिळालं असं धरलं जातं, मग तुम्ही त्या वेळी चिंचवडात असा की चिपळुणात. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला त्या तारखेपासून दोन आठवडे मिळतात. म्हणून पाकीट पत्रासोबतच जपून ठेवायचं. महिनाभर भारतात जाताना पेटीची किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि पिवळं पाकीट आलं तर फोटो पाठवायला सांगावं.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, आणि येतं ते दोघांनाही वेगवेगळं. टीव्ही नाही, हे उत्तर चालत नाही. वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, पण घटक माणूस नसून घर आहे. एकाने भरायची आणि दुसऱ्याने आपल्या पत्राला उत्तर देताना पहिल्याचा वर्गणी क्रमांक लिहायचा. 'हे तर आमच्याकडे भरतोच' म्हणून दुसरं पत्र बाजूला ठेवलं की दुसरं खातं आपोआप उघडतं आणि मागील बाकी चढत जाते.

सगळ्यांत महाग पडणारी चूक आरोग्य विम्याची. ठराविक पगाराच्या वर, २०२६ साली वर्षाला ७७,४०० युरोंच्या वर, नोकरदाराला सरकारी पद्धतीतला विमा सोडून खासगी घेता येतो. तिशीतल्या एकट्या, धडधाकट इंजिनिअरला खासगी हप्ता स्वस्त दिसतो आणि दलालही तेच पटवतात. बायको आली की गणित फिरतं. सरकारी पद्धतीत न कमावणारा जोडीदार आणि मुलं एकाही जादा युरोशिवाय त्याच विम्यात येतात. अर्ज आणि विवाहाचा दाखला दिला की काम झालं. खासगीत प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा आणि तब्येतीचे प्रश्न वेगळे. परत फिरायचं म्हटलं तर पगार त्या मर्यादेखाली यावा लागतो, आणि वयाची ५५ वर्षं उलटली की दार जवळजवळ बंदच. ज्याचं लग्न ठरलं आहे किंवा ठरायचं आहे, त्याने सरकारी विमाच धरून राहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणारा कराचा वर्गही असाच. जोडीदार भारतात असेपर्यंत वर्ग १. दोघंही इथे नोंदले गेले आणि विवाहाचा दाखला नोंदणीवेळी दाखवला की आपोआप ४ आणि ४. दाखला दाखवायचा राहिला तर वर्ग १ तसाच पुढे चालू राहतो आणि कोणी सांगायला येत नाही. मग कोणीतरी सल्ला देतं : तू ३ घे, बायकोला ५ दे, हातात जास्त पडतील. महिन्याला पडतातही. पण वर्षाचा एकूण कर दोन्ही प्रकारांत सारखाच राहतो. ३-५मध्ये फक्त तो आधी कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. खरा तोटा दुसरीकडे आहे. बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालक भत्ता, आणि नोकरी गेल्यावरचा भत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतात. एल्टर्नगेल्ड साधारण ६५ टक्के, महिन्याला किमान ३०० आणि कमाल १,८०० युरो. वर्ग ५मध्ये बायकोचा हातातला पगार आधीच खाली ओढलेला असतो, म्हणून तिचा भत्ताही खाली. मूल हवं असेल तर वर्गाची अदलाबदल गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला, शक्यतो त्याआधीच करावी. शेवटच्या महिन्यांतली अदलाबदल हिशेबात धरत नाहीत.

याच विषयातली एक गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. वर्षातला एक दिवस जरी दोघंही जर्मनीत एकत्र राहायला असले तरी त्या अख्ख्या वर्षाचं विवरण जोडप्याचं म्हणून भरता येतं. बायकोचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं असेल तर ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओढून घेण्याने वर्षाच्या करात चांगलाच फरक पडतो. तिची त्या वर्षीची भारतातली कमाई कराचा दर ठरवताना मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावं. आणि एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या, ठेवींचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत ते दाखवावं लागतं. जोडप्याला अशा भांडवली उत्पन्नावर वर्षाला २,००० युरोंची सूट आहे, त्यापुढे कर.

परवान्यांचंही मोजमाप वेगवेगळं चालतं. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असणाऱ्याला, बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, ए-१ (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. बायकोचा त्यासोबत आपोआप येत नाही. तिच्या मुक्कामाची वर्षं, तिची जर्मन, तिची नोकरी स्वतंत्र तपासली जाते. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागत नाही, म्हणून ती शिकायची टाळाटाळ होते. नोकरी करायची मुभा तिला पहिल्या दिवसापासून असते, पण भाषेविना त्या मुभेचं लोणचं घालायचं.

परवाना संपायला आला आणि भेटीची वेळ मिळाली नाही तर मुदत संपण्याआधी अर्ज केल्याच्या बळावर 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर तीन चौकटी असतात. कलम ८१, परिच्छेद ४ च्या चौकटीत खूण असेल तरच त्या कागदावर जर्मनीत परत येता येतं. गणपतीची तिकिटं काढण्याआधी ती खूण बघावी.

आता भिंती. इथली घरं हवाबंद असतात. श्वास, आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, खोलीत वाळत घातलेले कपडे, यांतून दोघांच्या घरात दिवसाला काही लिटर पाणी हवेत जातं आणि त्याला बाहेर पडायला फट नसते. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली तरी बाहेरच्या भिंतीचा कोपरा १२.६ अंशांच्या खाली गेला की तिथे बुरशीला पुरेल इतकी ओल धरते. आपल्या घरांत आर्द्रता सहज ६५-७० टक्क्यांवर जाते. काळे ठिपके आधी दिसतात ते कपाटाच्या मागे आणि पलंगाच्या डोक्याशी, कारण तिथे गरम हवा पोचत नाही. घर सोडताना यावरूनच अनामतीची भांडणं होतात. मालक म्हणतो तुम्ही हवा खेळती ठेवली नाही, भाडेकरू म्हणतो भिंतच सदोष.

खिडकी वरून तिरकी उघडून दिवसभर ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत तेवढी गार पडते आणि बुरशी तिथेच येते. पद्धत अशी : रेडिएटरची, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरची, चावी शून्यावर आणायची, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, कडक हिवाळ्यात पाच मिनिटं, शरदात दहा-पंधरा, मग बंद करून चावी पुन्हा ३ वर. ३ म्हणजे साधारण २० अंश. एकेका आकड्याला चारेक अंशांचा फरक पडतो. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. हे दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय आंघोळीनंतर आणि स्वयंपाकानंतर लगेच. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडून काय उपयोग, असं वाटतं. पण शून्य अंशाची ओलीचिंब हवासुद्धा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उरते. गार हवेत पाणी मावतंच कमी. दहा-बारा युरोंचा आर्द्रतामापक निजायच्या खोलीत टांगावा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढावं.

फोडणीचा प्रश्न याला जोडूनच. चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की कोळशाच्या गाळणीतून पुन्हा खोलीतच सोडतो, हे घर बघतानाच वर वाकून पाहावं. दुसऱ्या प्रकारात ती गाळणी दर काही महिन्यांनी बदलावी लागते, नाहीतर मोहरी-हिंगाचा वास जाकिटांत बसतो. बवेरियात निजायच्या खोल्यांत आणि त्यांच्या बाहेरच्या बोळात धुराचे भोंगे सक्तीचे आहेत. लाल मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडावी. भोंग्याची बॅटरी काढून ठेवणं हा उद्योग कोणी करू नये. सपाट काचेच्या साध्या शेगडीवर आपला ॲल्युमिनिअमचा कुकर चालतो, इंडक्शनवर चालत नाही. घरी इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटणाराच कुकर सामानात घ्यावा. मिक्सर आणायला हरकत नाही, वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण आपली तीन गोल पायांची पिन इथल्या भोकांत जात नाही आणि विमानतळावर मिळणाऱ्या स्वस्त जोडणीत अर्थिंगची तार बहुधा नसते. ओल्या हातांनी वाटण काढायचं यंत्र अर्थिंगविना चालवू नये. अर्थिंगवाली जोडणी मागून घ्यावी. मिक्सर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. रविवारी दिवसभर शांतता पाळतात, तेव्हा इडलीचं पीठ शनिवारी दुपारीच वाटून ठेवावं. वाणसामानही शनिवारीच आणावं, कारण दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. १५ ऑगस्टला म्युनिकमध्ये सुट्टी असते, ती आपल्या स्वातंत्र्याची नसून मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची. पण दुकानं बंद ती बंदच.

भारतातून निघताना नातेवाईक पेढ्यांचा पुडा आणि आंब्याची पेटी हातात ठेवतात. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाने आणायला बंदी आहे, त्यात खवा, पेढे, बर्फी, घरचं तूप सगळं आलं. ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद पाचच : अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. हापूस त्यात नाही, कढीपत्ताही नाही. श्रीखंडाची काळजी नको, ४० टक्क्यांचा क्वार्क (इथलं दह्यासारखं मऊ, ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगला की चक्का तयार.

घर सोडायचं तर तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात. सूचना कागदावर, शाईच्या सहीने. ई-मेल आणि व्हॉट्सॲप कायद्याने निरर्थक. करारात दोघांची नावं असतील तर दोघांच्याही सह्या हव्यात, एकट्याच्या सहीची सूचना रद्दबातल ठरते. बायको बाळंतपणासाठी आधीच भारतात गेली असेल तर तिची सही घेऊन ठेवणं विसरलं जातं आणि एक महिन्याचं भाडं अंगावर येतं. पाणी, हीटिंग वगैरे खर्चाचा शेवटचा हिशेब मालक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांपर्यंत पाठवू शकतो, म्हणून पोस्टाकडे पत्र पुढे पाठवण्याचा अर्ज करून जर्मनीतल्याच एखाद्या स्नेह्याचा पत्ता द्यावा. त्या अर्जावरही दोन्ही आडनावं लिहावीत. ज्याचं नाव राहिलं त्याची पत्रं जुन्याच पेटीत पडत राहतात, आणि तिची किल्ली तोवर नव्या भाडेकरूकडे गेलेली असते.

कळावे,
म्युनिकमधील एक मराठी दांपत्य